ट्रकचं डिझेल आणि रुळाखालची जमीन

प्रश्न : अमेरिकेत ट्रकच्या डिझेलवर गॅलनमागे २४.४ सेंट केंद्रीय कर आहे, मालगाडीच्या डिझेलवर जवळपास काहीच नाही. तरी करांमुळे ट्रक वरचढ ठरतात, अशी ओरड रेल्वे कंपन्या का करतात?

उत्तर : आकडा बरोबर आहे. वाहतूक कंपन्यांचे हिशेब तपासायला मी नवा बसलो, तेव्हा मीही याच रकान्यापाशी अडलो होतो. उत्तर दोन पानं पुढे होतं, मालमत्ता कराच्या पानावर.

तिकडे रूळ बहुतेक मालवाहू कंपन्यांच्याच मालकीचे. पूल, यार्ड, सगळं स्वखर्चाने बांधायचं, दुरुस्त करायचं आणि वर त्याच जमिनीवर मालमत्ता कर भरायचा. ट्रकखालचा महामार्ग सरकारी, त्यावर असला कर नाही. ट्रकवाला डिझेलवर भरतो ते बहुतांशी महामार्ग निधीत जातं, म्हणजे फिरून त्याच्याच चाकाखाली येतं. मी तर त्याला रस्त्याचं भाडंच म्हणेन. तेही १९९३ पासून वाढलेलं नाही. २००८ पासून निधीत सरकारी तिजोरीतून भर घालावी लागली आहे. रेल्वेच्या डिझेलवर एके काळी ४.३ सेंट कर होता. तो जायचा सरकारची तूट भरायला, रुळांना त्यातलं काही नाही! २००७ उजाडता तो संपला.

ट्रकवाले यावर जड गाडीचा वर्षाला ५५० डॉलरपर्यंतचा कर आणि नव्या जड ट्रकवरचा १२ टक्के अबकारी कर दाखवतात. तेही खोटं नाही.

रूळ उचलून शेजारच्या राज्यात नेता येत नाहीत, म्हणून राज्यं रेल्वेच्या मालमत्तेवर जास्त कर बसवत. १९७६ च्या कायद्याने हा भेदभाव बंद केला. तरी अलाबामात वाद पेटलाच. तिथे रेल्वेच्या डिझेलवर ४ टक्के विक्रीकर होता. ट्रकना तो माफ, कारण ते गॅलनला १९ सेंट वेगळा इंधन कर भरत. आंतरराज्य जलवाहतुकीला दोन्ही माफ. सीएसएक्स ही रेल्वे कंपनी कोर्टात गेली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, प्रतिस्पर्धी त्या कराऐवजी तोलामोलाचा दुसरा कर भरतो का, तेही बघा. मला हे पटलं. हिशेबनीस तेच करतो. पुढे अपील न्यायालयाने ट्रकची सवलत ग्राह्य धरली, जलवाहतुकीची मात्र नाही.

बाकी, खाणीतला ढीगभर कोळसा लांबवर न्यायचा तर करात थोडा फरक पडला म्हणून कुणी ट्रक बोलावत नाही. कंटेनर मात्र दोन्हीकडे चढतो, आणि तिथे भाड्यातला थोडासा फरकही गिऱ्हाईक फिरवतो.