लोह, ड जीवनसत्त्व आणि इंग्लंडचा हिवाळा: या थकव्याचं काय करायचं?

प्रश्न: मी मूळची नाशिकची, वय ३८, मँचेस्टरजवळ राहते. दिवाळीपासून अंगात त्राणच नाही. जिना चढताना मांड्या भरून येतात, धाप लागते, केस मूठमूठ गळतात. तांदूळ धुवायला घेतले की कच्चेच तोंडात टाकावेसे वाटतात, हे कुणाला सांगायचीही लाज वाटते. रक्ततपासणीत हिमोग्लोबिन १०४, फेरिटिन ९ आणि ड जीवनसत्त्व २२ आलं. डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाचा सहा आठवड्यांचा कोर्स दिला आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. पण मळमळ आणि बद्धकोष्ठ यांनी हैराण होऊन लोहाच्या गोळ्या आठवड्यात सोडल्या. दिरांनी पुण्याहून ड जीवनसत्त्वाच्या साठ हजार युनिटच्या कॅप्सूल पाठवल्यात, रोज एक घे म्हणतात. सासूबाई सहा महिन्यांसाठी इथे आल्या आहेत. इकडे येऊन मी कामचुकार झाले असं त्यांना वाटतं. बरं वाटेपर्यंत हे दिवस कसे काढू?

उत्तर: ताई, आधी त्या कॅप्सूलचं बोलू. त्या रोज घेऊ नका. साठ हजार युनिटची मात्रा भारतातही डॉक्टर साधारणपणे आठवड्यातून एकदा आणि ठरावीक आठवड्यांपुरतीच देतात. प्रौढ माणसानं डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय दिवसाला ४,००० युनिटच्या, म्हणजे १०० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये, असं ब्रिटनमध्ये सांगतात. रोज एक कॅप्सूल म्हणजे त्याच्या पंधरा पट. ड जीवनसत्त्व चरबीत साठतं, ब किंवा क सारखं लघवीवाटे निघून जात नाही. ते फार झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मग सारखी तहान, उलट्या, बद्धकोष्ठ, गोंधळल्यासारखं होणं आणि शेवटी मूत्रपिंडाला इजा. तुमचा इथला कोर्स सुरू आहेच. त्यावर हे आणखी घालायचं कारण नाही. दिरांनी काळजीपोटी पाठवल्या आहेत, त्यांना तसं प्रेमानं सांगा आणि कॅप्सूल कपाटात ठेवा.

रिपोर्ट तुम्ही भारतात मैत्रिणीला दाखवलात तर ती गोंधळेल, कारण आकड्यांची मापं वेगळी आहेत. इथलं हिमोग्लोबिन १०४ म्हणजे आपल्याकडचं १०.४. बाईचं १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. ड जीवनसत्त्व इथे नॅनोमोलमध्ये मोजतात, भारतात बहुतेक ठिकाणी नॅनोग्रॅममध्ये. इथल्या आकड्याला अडीचनं भागलं की तिकडचा आकडा मिळतो, म्हणजे तुमचे २२ तिकडे नऊसुद्धा भरत नाहीत. इथल्या हिशेबानं २५ च्या खाली कमतरता आणि ५० च्या वर पुरेसं. फेरिटिन म्हणजे शरीरानं साठवलेलं लोह. ते ३० च्या खाली गेलं की साठा संपत आला असं समजतात, आणि तुमचं ९ आहे. हे आकडे घेऊन कुणीही जिना चढला तर धापच लागेल. हा आळस नाही आणि मनाचे खेळही नाहीत.

कच्च्या तांदळाची ओढसुद्धा याच आजाराचं लक्षण आहे. लोह कमी असलेल्या कितीतरी बायकांना माती, खडू, पाटीवरची पेन्सिल किंवा बर्फ खावासा वाटतो. आपल्याकडे त्याला डोहाळे किंवा वाईट खोड समजून गप्प बसवतात, म्हणून त्याची वाच्यता होत नाही. डॉक्टरांना हे जरूर सांगा. लोह भरायला लागलं की ही ओढ बहुधा आपोआप जाते.

हे होतं कशामुळे? ड जीवनसत्त्व त्वचेत तयार व्हायला सूर्याचे विशिष्ट अतिनील किरण लागतात. ब्रिटनमध्ये ऑक्टोबरपासून मार्चअखेरपर्यंत सूर्य इतका खाली असतो की ते किरण जमिनीपर्यंत पुरेसे पोचतच नाहीत. डिसेंबरात मँचेस्टरला चार वाजायच्या आत सूर्य मावळतो, पण दुपारी लख्ख ऊन पडलं तरी त्यानं फारसं काही होत नाही. काचेतून तर हे किरण येतच नाहीत, त्यामुळे खिडकीशी कोवळ्या उन्हात बसून जीव सुखावेल, ड जीवनसत्त्व मिळणार नाही. आपल्या सावळ्या कातडीला तेवढंच ड तयार करायला गोऱ्या माणसापेक्षा जास्त वेळ ऊन लागतं. अमेरिकेत आणि कॅनडात दुधात ड जीवनसत्त्व घातलेलं असतं, ब्रिटनच्या साध्या दुधात ते नसतं. इथे नव्या आलेल्या माणसाला हे ठाऊक नसतं. ग्लासगोमध्ये १९६० आणि ७० च्या दशकांत भारतीय उपखंडातून आलेल्या कुटुंबांच्या मुलांमध्ये मुडदूस आढळत होता, मग तिथे ड जीवनसत्त्वाचे थेंब देण्याची मोहीम घ्यावी लागली. आपल्या लोकांची ही अडचण जुनी आहे.

लोहाची उणीव मात्र बहुतेक जणी घरूनच घेऊन येतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता, महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त जणींना. इथे मैद्यात आणि पांढऱ्या पिठात लोह घालायची कायद्यानं सक्ती आहे, पण संपूर्ण गव्हाच्या कणकेला ती लागू नाही. म्हणजे त्या कणकेची पोळी खाणाऱ्या घराला त्याचा फायदा होत नाही.

आता गोळ्या. त्या सोडून चालणार नाही. फेरिटिन ९ असताना खजूर, गूळ आणि बीट खाऊन साठा भरत नाही. पण घ्यायची पद्धत बदलता येते. एक गोळी दिवसातून एकदाच पुरे. रोज सोसत नसेल तर एक दिवसाआड घेतली तरी चालते. पुष्कळांना ती तशी सोसते. रिकाम्या पोटी लोह चांगलं शोषलं जातं, पण मळमळ होत असेल तर थोडं खाऊन घ्या. अर्धवट शोषलेली गोळी सोडलेल्या गोळीपेक्षा बरी. सोबत लिंबाचं सरबत किंवा संत्र्याचा रस प्या. दुधाबरोबर घेऊ नका. ‘गोळी दुधातून घे, पोटाला बाधत नाही’ असं आपल्याकडे घरोघरी सांगतात, पण दुधातलं कॅल्शियम लोहाला अडवतं. चहाचंही तसंच. गोळीच्या आधी आणि नंतर तासभर चहा नको. मराठी घरात सकाळी उठल्या उठल्या चहा सुटणं कठीण, म्हणून मी तर गोळी रात्रीच घ्या म्हणेन, जेवणानंतर दोनेक तासांनी. थायरॉइडची गोळी चालू असेल तर दोन्हींमध्ये चार तासांचं अंतर ठेवा. पित्ताच्या गोळ्या घेत असाल तर तेही फार्मसिस्टला सांगा. तरीही पोट ऐकत नसेल तर वेगळ्या प्रकारच्या लोहाची गोळी बदलून मिळते, आणि काहीच जमलं नाही तर शिरेतून लोह देता येतं. स्वतःच बंद करून गप्प राहू नका.

शौचाला काळपट होईल, त्याला घाबरू नका. डांबरासारखं चिकट, काळं आणि उग्र वासाचं झालं तर मात्र लगेच डॉक्टरांना कळवा. बद्धकोष्ठासाठी भरपूर पाणी, रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर फार्मसीतलं सौम्य रेचक. आणि एक अतिशय महत्त्वाचं: या गोळ्या मुलांच्या हाती लागू देऊ नका. लहान मुलानं चार-पाच गोळ्या गोड समजून गिळल्या तरी जिवाला धोका होऊ शकतो.

ड जीवनसत्त्व जेवताना घ्या, ताटात तूप-तेल असताना ते चांगलं भिनतं. शाकाहारी असाल तर कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं नाही ना ते बघा. इथे गोळ्या, थेंब आणि फवारेही मिळतात.

गोळ्यांच्या जोडीला स्वयंपाकघरातही करण्यासारखं आहे, आणि ते आपल्या आज्यांना येत होतं. मटकी-मुगाला मोड आणले की त्यातलं लोह अडवून धरणारं फायटेट कमी होतं. आंबोळ्या आणि इडलीचं पीठ आंबवल्यानंही तेच साधतं. उसळीवर, पोह्यांवर, वरणभातावर लिंबू पिळायला विसरू नका. अळिवाचे लाडू बाळंतिणीला देतात, त्यात लोह चांगलं असतं. इथेही अळीव भारतीय दुकानात मिळतात. सपाट बुडाची लोखंडी कढई इंडक्शनवर चालते, तिच्यात टोमॅटो-चिंचेचं काही शिजवलं की थोडं लोह अन्नात उतरतं. मासे खात असाल तर बांगडा आणि तारली इथे मुबलक मिळतात, त्यातून लोह आणि ड जीवनसत्त्व दोन्ही मिळतात. पालकावर मात्र फार भिस्त ठेवू नका, त्यातलं लोह अंगी फारच कमी लागतं. सध्या उपासही कमी करा. साबुदाण्यात पिष्टाखेरीज जवळजवळ काही नाही. चतुर्थी सोडवत नसेल तर राजगिरा आणि शेंगदाणे खा.

आता तुमचा खरा प्रश्न, बरं वाटेपर्यंतचे दिवस. लोह नीट पोटात जायला लागलं की हिमोग्लोबिन तीन-चार आठवड्यांत इथल्या मापानं साधारण २० अंकांनी वाढायला हवं, आणि धाप त्याआधीच थोडी कमी वाटते. मांड्यांचं दुखणं जायला जास्त वेळ लागतो, कधी दोन-तीन महिने. केस सगळ्यात शेवटी, ते चार-सहा महिने धरून चाला. तोवर घरातली कामं निम्मी करा. रोज ताज्या पोळ्या हव्यातच असं नाही. दोन दिवसांची कणीक एकदम मळा, किंवा भातावर भागवा. जिना दिवसातून किती वेळा चढायचा ते सकाळीच ठरवा आणि वरची कामं एकत्र करा. उभ्यानं भाजी चिरू नका, खुर्ची घ्या. डोकं हलकं वाटत असेल त्या दिवशी गाडी चालवू नका, मुलांना शाळेतून आणायचं काम यजमानांनी किंवा शेजारणीनं घ्यावं. थोडं चालणं चालू ठेवा, पण धाप लागली की थांबायचं. बसल्या जागी धाप लागली, छातीत दुखलं किंवा चक्कर येऊन पडलात तर वाट पाहू नका, ९९९ ला फोन करा.

यजमानांनी हे पत्र सासूबाईंना वाचून दाखवावं, असं मला मनापासून वाटतं. तुम्ही स्वतःची बाजू मांडत बसण्यापेक्षा मुलानं आईला रिपोर्ट समजावणं जास्त लागू पडतं. ‘तिचं रक्त दहावर आलंय’ म्हटलं की आपल्याकडच्या कुठल्याही वडीलधाऱ्या बाईला लगेच कळतं. त्यांच्यावर रागवू नका. त्यांच्या पिढीनं अशाच रक्तावर मुलं वाढवली आणि ते सोसणं त्यांना नेहमीचं वाटतं. शिवाय अंगभर साडी नेसून हिवाळाभर घरात बसल्यानं त्यांच्याही ड जीवनसत्त्वाची तीच गत होणार. सावळ्या कातडीच्या सगळ्यांनी वर्षभर रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट घेण्याचा विचार करावा, असं इथलं सरकारच सांगतं. ती गोळी फार्मसीत चिठ्ठीशिवाय मिळते. सासूबाईंना मुतखडा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. यजमानांनाही ही गोळी हवीच. एक ते चार वर्षांच्या मुलांनाही रोज १० मायक्रोग्रॅम द्यायला सांगतात, आणि मूल दिवसभर दुधावरच राहत असेल तर त्याला लोह मिळावं म्हणून दूध कमी करून जेवण वाढवा.

एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिलेली नाही, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. लोह जातंय कुठे? तुमच्या वयात बहुधा पाळीवाटे. दर तास-दोन तासांनी पॅड बदलावं लागत असेल, मोठ्या गाठी पडत असतील किंवा पाळी सात दिवसांहून लांबत असेल तर ते जास्त आहे, ‘आमच्याकडे सगळ्यांनाच असं असतं’ म्हणून सोडून देऊ नका. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, गर्भाशयात बसवायची हार्मोनची कॉइल आहे. बोलायला संकोच वाटत असेल तर स्त्री डॉक्टर मागून घ्या. पाळीचा त्रास नसेल तर सीलिअॅक आजाराची तपासणी झाली आहे का ते विचारा, त्यात गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतडं बिघडतं आणि लोह नीट शोषलं जात नाही. मांसाहार करत नसाल तर बी-१२ जीवनसत्त्वसुद्धा बघायला सांगा, कारण त्याचा थकवा अगदी असाच असतो. हेच लोह एखाद्या पुरुषाचं किंवा पाळी बंद झालेल्या बाईचं कमी निघालं तर पोटातून कुठे रक्त जातंय का याचा तपास करावाच लागतो, नुसत्या गोळ्या घेऊन चालत नाही.

साधारण चार आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायला सांगा. हिमोग्लोबिन वाढलं नसेल तर डॉक्टरांनी कारण शोधायला हवं. वाढून ठीक झालं तरी गोळ्या आणखी तीन महिने चालू ठेवायच्या असतात, कारण रक्त आधी भरतं आणि साठा नंतर. शेवटच्या तपासणीत हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही मागा.