खालच्या बिऱ्हाडाच्या भरवशावर

प्रिय पोरी,

तू घ्यायला निघालीस त्या कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या सेमीचे, म्हणजे एका बाजूने शेजारच्या घराला जोडलेल्या घराचे, फोटो पाहिले. तू वर राहणार आणि बेसमेंट, म्हणजे तळघर, भाड्याने देणार. "काकू, खालचं भाडं आलं की हप्ता निघतोच, याला हाउस हॅक म्हणतात!" असं तू फोनवर म्हणालीस तेव्हा हसूच आलं. पुण्याच्या वाड्यांत मालक माडीवर आणि बिऱ्हाडकरू खाली, हे आमच्या आजीने पाहिलेलं. फक्त त्या वाड्यांवर मॉर्गेज, म्हणजे घरकर्ज, नव्हतं.

कल्पना चांगली आहे. तू स्वतः राहणार म्हणून थोडक्यात सुटतेस. नुसतं भाड्याने द्यायला घेतलं असतंस तर किमतीच्या २० टक्के स्वतःच्या खिशातून आधी मोजावे लागले असते. घर साडेसात लाख डॉलरचं धर. पहिल्या पाच लाखांवर ५ टक्के, वरच्या अडीच लाखांवर १० टक्के, दोन्ही मिळून ५०,०००. पण २० टक्क्यांच्या आत राहिलीस की मॉर्गेजचा विमा आलाच, म्हणजे तू हप्ते थकवलेस तर बँकेचं नुकसान भरणारा. तुझ्या बाबतीत कर्जाच्या ४ टक्के, म्हणजे २८,०००. तो कर्जात मिसळतो म्हणून लगेच बोचत नाही. बोचतो तो त्यावरचा आपल्या ऑन्टॅरिओ प्रांताचा ८ टक्के कर, २,२४० डॉलर, आणि तो रोख द्यायचा. आम्हाला हा आकडा वकिलासमोर बसल्यावर कळला होता. काकांचा चेहरा अजून आठवतो. शिवाय लँड ट्रान्सफर टॅक्स, म्हणजे घर नावावर करतानाचा कर, ११,४७५. पहिलं घर म्हणून ४,००० माफ, तरी ७,४७५ उरतात. वकील आणि इन्स्पेक्शन वेगळं.

एफएचएसए, म्हणजे पहिल्या घरासाठीचं बचत खातं, उघडलंस का? वर्षाला ८,०००, एकूण ४०,०००. भरताना करात वजावट, घरासाठी काढताना कर नाही. वापरली नाहीस तर एका वर्षाची मर्यादा पुढे जाते, पण खातं उघडल्यानंतरचीच. म्हणून शंभर डॉलर टाकून का होईना, याच आठवड्यात उघड. आरआरएसपीतून, म्हणजे निवृत्तीच्या बचत खात्यातून, घरासाठी ६०,००० पर्यंत काढता येतात, पण ते पुढे परत भरायचे असतात, तेव्हा मी आधी एफएचएसए संपवीन. बाबा नाशिकहून काही देणार असतील तर वेळेत मागव. बँक साधारण तीन महिन्यांची स्टेटमेंट्स बघते आणि 'ही भेट आहे, परत नको' असं बाबांचं सहीचं पत्र मागते.

आता भाड्याचं. किती कर्ज द्यायचं हे ठरवताना बँक तुझं उत्पन्न मोजते. तुझ्या डोक्यात पूर्ण भाडं आहे, बँकेच्या डोक्यात ते असेलच असं नाही. कुणी अर्धंच धरतं, कुणी पूर्ण, म्हणून कर्ज मिळवून देणाऱ्या ब्रोकरला पहिला प्रश्न हाच विचार. वर स्ट्रेस टेस्ट आहे: दर साडेचार टक्के मिळाला तरी साडेसहा टक्क्यांचा हप्ता तुला झेपतो का, हे बघतात. आणि हे सगळं बेसमेंट लीगल असेल तरच. ब्रॅम्प्टनमध्ये दुसऱ्या युनिटची महापालिकेत नोंदणी लागते. जाहिरातीत 'वेगळं दार, दुसरं किचन' लिहिलं म्हणजे नोंदणी झाली असं होत नाही. नोंदणीचा कागद माग. एजंट "होऊन जाईल" म्हणाला तर उठून ये.

आमचा पहिला भाडेकरू ऐन जानेवारीत गेला. दोन महिने खाली कुणी नव्हतं, हीटिंग मात्र चालूच, नाहीतर पाइप गोठले असते. तेव्हापासून माझा हिशोब असा: तीन महिने भाडं आलं नाही तरी हप्ता जाईल एवढे पैसे बाजूला असल्याशिवाय ऑफर घालायची नाही. आपल्याकडच्यासारखं जाडजूड डिपॉझिट इथे घेता येत नाही. शेवटच्या महिन्याचं भाडं आगाऊ घेता येतं, मोडतोडीसाठी वेगळं काही नाही.

शनिवारी घर बघायला जाशील तेव्हा बेसमेंटची उंची मोज, १.९५ मीटर हवी. खिडकी उघडून बघ, आगीत माणूस बाहेर पडेल एवढी आहे का. चौथ्या फोटोत ती कपाटामागे दडल्यासारखी वाटते. मोजायची टेप नसेल तर आमच्या गॅरेजमध्ये आहे, जाता जाता घेऊन जा. पोहे करून ठेवते.

तुझी,
काकू