पारिजातक पानांनी भरतो, फुलांनी का नाही?

प्रश्न: घरामागे चार वर्षांपूर्वी पारिजातक लावला. उंची दहा फूट, पाने दाट, पण फुले अगदीच नावाला. ठिबक रोज चालते, महिन्याला मूठभर युरिया देतो. ऑगस्टमध्ये झाड फार पसरते म्हणून छाटणीही करतो. काय चुकते आहे?

उत्तर: सर्वात मोठी चूक ऑगस्टच्या छाटणीची आहे. पारिजातकाची फुले त्याच वर्षी फुटलेल्या नव्या फांद्यांच्या शेंड्यांवर आणि शेंड्यालगतच्या पानांच्या बेचक्यांत झुपक्यांनी येतात. पावसाळ्याच्या उत्तरार्धात कळ्या धरू लागतात आणि बहर हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत चालतो. ऑगस्टमध्ये कात्री चालवली की तो बहरच कापला जातो. वर युरिया मिळाल्यावर झाड पुन्हा पाला वाढवण्याच्या मागे लागते.

छाटणी फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये, बहर संपून पाने गळू लागली की करावी. वाळलेल्या, आत वळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या बुडापासून काढाव्यात. बाकीच्या फांद्यांची लांबी साधारण एक तृतीयांशाने कमी करावी. काप कुठे घेता याला महत्त्व आहे. पारिजातकाची पाने समोरासमोर जोडीने येतात आणि प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा असतो. जोडीच्या वर अर्धा ते एक सेंटिमीटर जागा सोडून कापले की दोन्ही डोळे फुटतात. एका फांदीच्या दोन होतात आणि फुलणारे शेंडेही दुप्पट. जोडीपासून फार वर कापले तर मधला खुंट वाळतो आणि तिथून कूज खाली उतरते. अंगठ्यापेक्षा जाड कापावर बोर्डो पेस्ट लावावी: १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना प्रत्येकी अर्धा लिटर पाण्यात, प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करावे. त्यात लोखंडी सुरी बुडवून पाहावी. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे, थोडा आणखी घालावा.

दुसरी गोष्ट पाण्याची. हे झाड मुळात कोरड्या, खडकाळ उतारांवर वाढणारे आहे. चार वर्षांच्या झाडाला जमिनीत रोज ठिबक नको. जानेवारीपासून पाणी कमी करत न्यावे, पाने गळू द्यावीत, घाबरू नये. छाटणीनंतर नवी फूट दिसू लागली की आठ ते दहा दिवसांतून एकदा, मुळांपर्यंत खोल भिजेल असे पाणी द्यावे. पावसाळ्यात ठिबक बंद. युरिया थांबवावा. जूनच्या पहिल्या पावसानंतर आळ्यात १० किलो चांगले कुजलेले शेणखत आणि २५० ग्रॅम निंबोळी पेंड, वर्षातून एवढे पुरते.

एवढे करूनही फुले कमीच राहिली तर सावली तपासावी. पारिजातकाला दिवसाचे किमान पाच-सहा तास ऊन हवे. घराच्या उत्तरेला लावलेले झाड बरेचदा फसवते: जूनमध्ये तिथे भरपूर ऊन दिसते, पण सप्टेंबरनंतर सूर्य दक्षिणेकडे सरकतो आणि नेमक्या बहराच्या दिवसांत भिंतीची सावली झाडावर येते. जागा निवडताना ऑक्टोबरमधले ऊन पाहावे, मे महिन्यातले नव्हे.

प्रश्न: आमची काळी भारी जमीन आहे. दोन वेळा रोप लावले, दोन्ही वेळा पहिल्याच पावसाळ्यात पिवळे पडून गेले. खड्डा दोन फूट खोल घेऊन त्यात वाळू, खत सगळे भरले होते.

उत्तर: मेहनत योग्य होती, पण खड्डा उलटला. भारी काळ्या मातीत मोकळ्या मिश्रणाने भरलेला खड्डा म्हणजे हौद. आजूबाजूची माती पाणी शोषत नाही, ते सगळे खड्ड्यात उतरते आणि तिथेच थांबते. मुळांना हवा मिळत नाही, बुडाकडची पाने पिवळी पडून गळतात, मग खोड जमिनीलगत काळे पडते. अशा रोपाला कोमेजलेले पाहून अनेकजण आणखी पाणी देतात आणि उरलीसुरली मुळेही घालवतात.

भारी जमिनीत खड्ड्याऐवजी उंचवटा करावा. चार फूट व्यासाचा आणि दीड फूट उंचीचा ढीग: दोन भाग तिथलीच वरची माती, एक भाग बारीक मुरूम, एक भाग कुजलेले शेणखत. जुन्या जमिनीचा पृष्ठभाग आधी कुदळीने खरवडून घ्यावा, नाहीतर दोन थर एकजीव होत नाहीत. रोप पिशवीत जितके खोल होते तितकेच खोल लावावे. खोडाभोवती माती चढवू नये. मुरमाड किंवा मध्यम जमीन असेल तर मात्र दोन फूट लांब, रुंद आणि खोल असा खड्डा उत्तम. कच्चे शेण कुठेही घालू नये, त्यातून हुमणी (मुळे खाणारी अळी) येते. भिंतीपासून सहा-सात फूट अंतर ठेवावे.

रोप घेताना पानावरून बोट फिरवून पाहावे. पारिजातकाचे पान पॉलिश पेपरसारखे खरखरीत लागते आणि कोवळी फांदी गोल नसून चौकोनी असते. लावल्यानंतर रोप अडीच फुटांचे झाले की शेंडा खुडावा आणि चारी दिशांना जातील अशा तीन-चार फांद्याच ठेवाव्यात. पहिल्या उन्हाळ्यात तीन-चार दिवसांआड दहा लिटर पाणी पुरे.

प्रश्न: जुन्या झाडापासून रोपे कशी करावीत? छाट कलमे लावली, बहुतेक वाळली.

उत्तर: छाट कलमाचे यश या झाडात कमीच. दहा लावून दोन-तीन जगली तरी समाधान मानावे. खात्री हवी तर पावसाच्या सुरुवातीला गुटी बांधावी, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळे फोडून घ्यावीत. पेन्सिलीच्या जाडीची, साल हिरवी न राहता राखाडी होऊ लागलेली आणि चौकोनी कडा पुसट झालेली फांदी निवडावी. पानांच्या जोडीच्या लगेच खाली अडीच सेंटिमीटर रुंद सालीचे कडे काढावे आणि उघड्या लाकडावरचा बुळबुळीत थर सुरीच्या पाठीने खरवडून टाकावा. तो राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळे फुटतच नाहीत; फसलेल्या गुट्यांमध्ये हे कारण नेहमी सापडते. वरच्या काठाला मुळे फुटण्याची पावडर लावून, भिजवून घट्ट पिळलेले शेवाळ गुंडाळावे आणि पारदर्शक प्लास्टिकने दोन्ही टोके आवळून बांधावे. दीड-दोन महिन्यांत प्लास्टिकमधून मुळे दिसतात. पांढरी असताना कापू नये, तपकिरी छटा आल्यावरच कापावे. कापलेली गुटी पिशवीत लावून महिनाभर सावलीत ठेवावी.

बियांपासूनही रोपे होतात, पण फुलांसाठी दोन-तीन वर्षे थांबावे लागते. फळ नाण्यासारखे चपटे असते, वाळले की दोन भागांत उकलते आणि प्रत्येक भागात एकच बी निघते. त्याच हंगामातले बी रात्रभर भिजवून एक सेंटिमीटर खोल लावावे. उगवण एकदम होत नाही, वाफा लवकर मोडू नये.

प्रश्न: पावसाळ्यात पाने जाळीदार होतात. नवी पाने पिवळी पण शिरा हिरव्या, हेही त्याच किडीमुळे का?

उत्तर: नाही, ही दोन वेगळी दुखणी आहेत. जाळी केसाळ अळ्यांची. लहान असताना त्या एकाच पानाच्या खालच्या बाजूला गर्दीने असतात. तेव्हाच ते पान खुडून साबणाच्या पाण्यात बुडवले की काम संपते. हातमोजे घालावेत, केस अंगाला लागले की खाज सुटते. पसरल्या असतील तर ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळी पूड रात्रभर भिजवून, गाळून, किंचित साबण घालून संध्याकाळी पानांच्या खालून फवारावा.

शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा ही चुनखडीच्या जमिनीतली लोहाची कमतरता. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि अडीच ग्रॅम चुना मिसळून, गाळून पानांवर फवारावे, पंधरा दिवसांनी पुन्हा. जुनी पाने सुधारली नाहीत तरी चालेल, नवी पाने हिरवी येतात का ते पाहावे. फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळेच झाड पिवळे पडले असेल तर फवारणी नको. ती पानगळ आहे, तेव्हा छाटणीची कात्री काढावी.