चार गडी, चार दश्श्या आणि रिकामा हात

प्रश्न : आम्ही चौघे दर रविवारी पत्त्यांचा मेंढीकोट खेळतो. दश्श्या (दहाची पाने) चार आणि गडीही चार, म्हणजे प्रत्येकाला साधारण एक दश्शी यायला हवी. गेल्या रविवारी मात्र वीसपैकी सात डावांत माझ्याकडे एकही दश्शी आली नाही, आणि त्यांतले तीन डाव तर लागोपाठचे होते. पिसणाऱ्याने हातचलाखी केली असे समजावे काय? आणि असा रिकामा हात आला, तर भिडूकडे दश्शी आहे असे धरून खेळावे काय?
— एक वाचक, मिरज

उत्तर : सरासरीने प्रत्येकाच्या वाट्याला एक दश्शी येते, हे आपले म्हणणे बरोबर आहे; परंतु म्हणून दर डावात तशीच वाटणी व्हावी, असे त्यातून निघत नाही. 52 पानांच्या 52 जागा आहेत आणि प्रत्येक गड्याकडे त्यांतल्या 13 आहेत, अशी कल्पना करा. पहिली दश्शी कोठेही पडो. दुसरी वेगळ्या गड्याकडे जायची, तर उरलेल्या 51 जागांपैकी 39 चालतील. तिसरीसाठी 50 पैकी 26 आणि चौथीसाठी 49 पैकी 13. या तीन अपूर्णांकांचा गुणाकार सुमारे 0.1055 येतो. म्हणजे आपल्याला जी वाटणी स्वाभाविक वाटते, ती दहा डावांत जेमतेम एकदा होते, आणि बाकीच्या सर्व डावांत कोणाचा ना कोणाचा हात दश्शीवाचून राहतोच.

तो आपलाच असण्याची संभाव्यताही याच रीतीने काढता येते. चारही दश्श्या इतरांच्या 39 जागांत पडायला हव्यात; म्हणून 39/52, 38/51, 37/50 आणि 36/49 यांचा गुणाकार करावा. उत्तर सुमारे 0.304 येते. वीस डावांत असे सहा डाव अपेक्षित असताना आपल्याला सात आले, यात संशयाला जागा नाही. ठरावीक तीन डाव लागोपाठ रिकामे जाण्याची संभाव्यता 0.304 चा घन, म्हणजे 3 टक्क्यांहूनही कमी आहे, हे खरे. पण ते तीन डाव आपण आधी ठरवले नव्हते, घडून गेल्यावर वेचले. वीस डावांच्या बैठकीत कोठे तरी असे तीन सलग डाव येण्याची संभाव्यता सुमारे 32 टक्के भरते.

हे सारे गणित पाने नीट पिसली आहेत असे गृहीत धरून केले आहे, आणि माझ्या मते चौकशी करायचीच तर ती येथे करावी. मेंढीकोटात जिंकलेल्या दश्श्या समोर मांडून ठेवतात आणि डाव संपला की एकत्रच उचलतात. पिसणे वरवरचे झाले, तर त्या पत्त्यांच्या कॅटमध्ये शेजारीशेजारीच राहतात. पुढे पाच-चार-चार अशी झुबक्यांनी वाटणी केली, तर त्या एकाच हाती जाण्याकडे कल होतो. एकेक पान वाटले, तर उलट चौघांना एकेक मिळते आणि वाटणी खोटीच समान दिसते. कॅटचे दोन भाग करून त्यांच्या कडा एकमेकांत सोडत मिसळण्याच्या पद्धतीने पाने पुरेशी विस्कटायला सुमारे सात वेळा पिसावे लागते, असे डेव्ह बायर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी 1992 मध्ये दाखवले. घरोघरी पाने हातावर वरखाली करून पिसतात. त्या पद्धतीला याहून कितीतरी अधिक वेळा पिसावे लागते, आणि चहा समोर आलेला असताना तेवढा धीर कोणाला असतो?

भिडूविषयी : आपल्याकडे एकही दश्शी नसेल, तर चारही उरलेल्या तिघांच्या 39 पानांत आहेत. त्या सर्व दोन्ही प्रतिस्पर्ध्यांच्या 26 पानांत असण्याची संभाव्यता 26/39, 25/38, 24/37 आणि 23/36 यांचा गुणाकार, म्हणजे सुमारे 0.18 आहे. तेव्हा भिडूकडे किमान एक दश्शी असण्याची संभाव्यता 82 टक्क्यांच्या आसपास येते, आणि तसे धरून खेळायला हरकत नाही. मात्र हा आकडा पहिले पान पडण्यापूर्वीचा आहे. प्रतिस्पर्ध्याने एक जरी दश्शी टाकली, तरी तो नव्याने काढावा लागेल.