रोम बघून झालंय, परत जाऊ का?

प्रश्न: आठवीत असताना आईबाबांबरोबर ग्रुप टूरने रोमला गेले होते. आठवतंय ते एवढंच, बसमधून उतरा, फोटो काढा, परत बसमध्ये. आता स्वतःच्या कमाईतून मे महिन्यात जायचंय, पण नवरा म्हणतो बघितलेलं शहर परत कशाला, त्यापेक्षा पोर्तुगाल करू. आईलाही यायचंय, तिचे गुडघे दुखतात. काय करू?
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर: अगं जा, बिनधास्त जा. तू रोम बघितलंस ते टूरवाल्यांच्या घड्याळावर, आणि हे शहर तसं कळतच नाही, कारण तिथे जुनं सहसा टाकून देत नाहीत, त्यावरच किंवा त्यातच नवीन काहीतरी सुरू करतात. आपल्या ठाण्याचंच बघ ना, पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतलेला किल्ला, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, आणि आज तिथे सेंट्रल जेल आहे. रोममध्ये हे पावलोपावली दिसतं.

कोलोसियमपासून चालत जाण्यासारखं सान क्लेमेंते चर्च आहे, तिथे नक्की जा. वर बाराव्या शतकातलं चर्च, जिना उतरलं की खाली चौथ्या शतकातलं, आणि अजून खाली उतरलं की पहिल्या शतकातल्या रोमन इमारती, अरुंद बोळ, मिथ्रस देवाचं देऊळ, आणि कुठेतरी भिंतीपलीकडून वाहत्या पाण्याचा आवाज येत राहतो. मला विचारशील तर सगळ्या रोममधली माझी सर्वात आवडती जागा हीच. खाली जायला तिकीट आहे आणि पायऱ्या बऱ्याच आहेत, त्यामुळे आईंना वरच बसू दे, तिथलं सोनेरी मोझेक बघत अर्धा तास सहज जातो.

दुसरं पँथिऑन. हेड्रियन बादशहाच्या काळातलं देऊळ, ६०९ मध्ये त्याचं चर्च झालं म्हणूनच ते इतकं धडधाकट राहिलं. घुमट ४३ मीटरचा, आत लोखंडी सळ्या नाहीत, नुसतं काँक्रीट, आणि वर जाताना ते मुद्दाम हलकं केलंय, शेवटी तर हलका ज्वालामुखी दगड घातलाय. मधोमध जवळपास नऊ मीटरचं उघडं भोक, पाऊस थेट आत पडतो आणि फरशीतल्या बारीक भोकांतून निघून जातो. उन्हाचा गोल हळूहळू सरकतो तो बघायला निवांत वेळ ठेव, धावतपळत जाऊ नकोस.

दिवसाला दोनच ठिकाणं ठेवा. रस्ते दगडी आणि खडबडीत आहेत, आईंना चांगले स्पोर्ट्स शूज घे. स्पॅनिश स्टेप्स या प्रसिद्ध जिन्याच्या पायऱ्यांवर दमून बसू नका, २०१९ पासून बंदी आहे, दंड होतो. पाण्याच्या बाटल्या विकत घेत बसू नका, रस्त्यात जागोजागी नळ आहेत, पाणी गार आणि पिण्याचंच असतं. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. व्हॅटिकनची म्युझियम्स रविवारी बंद असतात, फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी फुकट, पण तेव्हा इतकी गर्दी असते की आईंना घेऊन अजिबात नको.

पोर्तुगाल पुढच्या वेळी करा, नवऱ्याला फक्त सान क्लेमेंतेत खाली घेऊन जा. आणि शेंगेन व्हिसाचा (इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, मे महिन्यासाठी अपॉइंटमेंटची मारामारी असते, तेव्हा डिसेंबर-जानेवारीतच तिघांचे कागद तयार ठेव.