ताई, तुम्हीच सांगा : ‘काय बे’ चालतं, मग जाहिरात का खुपते?

प्रश्न : रात्री आम्ही सगळे टीव्हीसमोर जेवायला बसतो. परवा एका क्रीमच्या जाहिरातीत सावळी मुलगी कोपऱ्यात तोंड पाडून बसलेली. उजळ झाली आणि मैत्रिणी गोळा झाल्या. माझी नववीतली सावळी नात अर्ध्या ताटावरून उठली. मी चिडले, तर मुलगा म्हणतो, “आई, आपण सोलापूरचे. दिवसभर ‘काय बे’ करतो, शिव्या घालतो. आपल्याला कशाचं वाईट वाटायला लागलं?” त्याला काय सांगू?
– एक आजी, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : आजी, मी साखर पेठेत वाढले. माझी आई विड्या वळायची. शेजारणी तेलुगूत, मराठीत एकमेकींना नाही नाही ते बोलायच्या आणि हसून लोटपोट व्हायच्या. त्याच आईला एकदा रेशनच्या रांगेत दुकानदार म्हणाला, “ए विडीवाली, मागं सरक.” शब्दात शिवी नव्हती; ती स्वतःच सांगायची, मी विडी वळते म्हणून. पण घरी येऊन सूप मांडीवर घेतलं, पत्रा ठेवून पानं कातरली आणि तशीच बसून राहिली. त्या संध्याकाळी एकही विडी वळली नाही.

मुलाला हे सांगा. ‘बे’ म्हणणारा आपल्याला ओळखतो, वाईट वाटलं तर त्याला तिथल्या तिथं सुनावता येतं. जाहिरातीला तुमची नात कोण ते ठाऊक नाही. ती न विचारता घरात येते, बोलून जाते, आणि तिला उलट बोलायची सोय नाही.

म्हणून तर नियम केलेत. केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांत जाहिरातींची आचारसंहिता आहे. मुंबईची ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ही जाहिरात व्यवसायानंच १९८५ मध्ये उभी केलेली संस्था. गोरेपणाच्या क्रीमबद्दल तिनं २०१४ मध्येच बजावलंय, की सावळं माणूस दुःखी, कुरूप किंवा मागे पडलेलं दाखवायचं नाही. तुम्ही पाहिलंत ते नेमकं हेच. कौन्सिलकडे ऑनलाइन तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत. चॅनल, तारीख, वेळ आणि काय दिसलं ते लिहा. चॅनललाही लेखी कळवा. २०२१ च्या नियमांनुसार त्यांनी २४ तासांत पोच द्यायची असते. मजकूर नातीलाच लिहू द्या, तिला जे लागलं ते तिच्या शब्दांत येऊ दे.

एक मात्र घरातलंही बघा. “उन्हात जाऊ नको, काळी पडशील” हे तिला कोण म्हणतं? आमच्याकडे मीच म्हणायचे. मागच्या महिन्यात भाचीच्या स्थळासाठी माहिती लिहायला बसले आणि हातून आपसूक उतरलं, ‘सावळी, पण नाकीडोळी नीटस’. भाची शेजारी उभी राहून वाचत होती. काही बोलली नाही. मी तो ‘पण’ खोडला आणि कागद पुन्हा लिहिला.