लोकांनी निवडून दिलेल्या सरकारला न्यायालयाने अडवणं लोकशाहीविरोधी नाही का?

तुमच्या प्रश्नातली चीड रास्त आहे. ज्यांना कुणी मत दिलेलं नाही, त्यांनी कोट्यवधी मतं मिळवलेल्या सरकारचा हात का धरावा? पण निवडणूक जिंकून सरकार चालवण्याचा अधिकार मिळतो, तोही मुदतीपुरता. पुढच्या निवडणुकीचे नियम एकट्याने ठरवण्याचा अधिकार त्यात येत नाही.

हंगेरीत काय झालं बघा. 2010 साली व्हिक्टर ओर्बान यांच्या आघाडीला सुमारे 53 टक्के मतं आणि दोन तृतीयांशाहून जास्त जागा मिळाल्या. त्या बळावर त्यांनी 2011 मध्ये नवी राज्यघटना आणली, एकाही विरोधी पक्षाच्या साथीशिवाय. न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय 70 वरून 62 वर आणलं आणि अनुभवी न्यायाधीशांना घरी बसवलं. युरोपीय संघाच्या न्यायालयाने नोव्हेंबर 2012 मध्ये ते बेकायदा ठरवलं, पण तोवर अनेक जागा भरल्या गेल्या होत्या. निवडणूक कायदाही बदलला. 2014 मध्ये मतं 45 टक्क्यांवर घसरली, दोन तृतीयांश बहुमत मात्र शाबूत राहिलं. हे सगळं जनतेच्या नावाने. मग उरलेले 55 टक्के कोण?

ओर्बान यांच्यासारखे पॉप्युलिस्ट नेते, म्हणजे सामान्य जनतेचा खरा आवाज आपणच असं सांगणारे, प्रस्थापितांवर तुटून पडतात, त्याला माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो 'खरी जनता फक्त माझ्यामागे आहे' या दाव्याला. तो मानला की विरोधक थेट जनतेचा शत्रू ठरतो. पुढच्या वेळी आपण जिंकू शकतो, अशी आशा असते तोवरच हरलेला माणूस आजचा निकाल मानतो. माझ्या लेखी सरकारची वैधता त्याच्या या मानण्यात आहे.

प्रस्थापित लोकांचं ऐकत नाहीत, ही पॉप्युलिस्टांची तक्रार खोटी नसते, हेही सांगायला हवं. 2005 मध्ये फ्रान्सच्या सुमारे 55 टक्के आणि नेदरलँड्सच्या 61 टक्क्यांहून जास्त मतदारांनी युरोपीय संघाला राज्यघटना देणारा करार सार्वमतात फेटाळला. त्यातल्या बहुतांश तरतुदी 2007 च्या लिस्बन करारात परत आल्या, आणि या दोन्ही देशांनी तो पुन्हा सार्वमत न घेता संसदेतून मंजूर केला. लोकांनी 'नको' म्हटलेलं असं मागच्या दाराने आणणं हा लोकांचा अपमान होता. उदारमतवादी मंडळी हे मान्य करायला कचरतात, याचा मला मनापासून राग येतो.

त्यामुळे न्यायालयाने अडवलं म्हटलं की मी आधी विचारतो, नेमकं काय अडवलं? कर किती घ्यायचा, अनुदान कुणाला द्यायचं, हे निवडून आलेल्यांनीच ठरवावं. तिथे न्यायाधीशांनी जपूनच पाऊल टाकावं. सरकार मतदारसंघांच्या सीमा, निवडणूक यंत्रणेतल्या नेमणुका किंवा माध्यमांचं स्वातंत्र्य यांना हात घालत असेल, तर त्याला अडवणारं न्यायालय मतदाराचंच काम करत असतं.